अप-डाऊन : देवळालीच्या पासधारकांचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

मध्य रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी ती 'अप' आणि मुंबईहून येणारी ती 'डाऊन'. भूगोलाच्या दृष्टीने पाहू गेल्यास हे अगदी उलटे आहे. आपले देवळाली कॅम्प पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. तेव्हा सकाळी 'अप' जाणारा मनुष्य प्रत्यक्षात घाट उतरत असतो आणि दिवसभर शिणून 'डाऊन' परतणारा मनुष्य घाट चढत असतो. या दोन शब्दांचे मिळून आपल्याकडे एक नामच तयार झाले आहे. "तुमचे चिरंजीव काय करतात?" असे कोणी विचारले, की "कल्याणच्या पुढे कंपनीत आहे, अप-डाऊन करतो" असे उत्तर मिळते. हुद्दा कोणता, पगार किती, हे प्रश्न त्यानंतर येतात.

प्रस्तुत लेखात या अप-डाऊनचा थोडा विचार करावयाचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत देवळाली स्टेशनवर जाऊन, शेजारीपाजारी विचारून आणि घरात डोळे उघडे ठेवून जे दिसले ते समाजशास्त्राच्या तासाला शिकलेल्या गोष्टींशी ताडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. मला जे जाणवले ते आरंभीच सांगते. मासिक पासावर नाव एकाचेच असते. परंतु एवढा लांबचा रोजचा प्रवास एकटा मनुष्य सोसू शकत नाही. घरची माणसे, डब्यातील सोबती आणि रेल्वेचे वेळापत्रक या तिघांच्या खांद्यावर तो उभा असतो. आणि या प्रवासाची किंमत सर्वांमध्ये सारखी वाटलेली नसते.

प्रथम थोडा इतिहास. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली हे आपण शाळेत शिकलो. १८६१ साली एका बाजूने रूळ कसाऱ्यापर्यंत आले आणि त्याच वर्षी घाटमाथ्यावर इगतपुरीपासून नाशिककडे गाडी सुरू झाली. मधला थळ घाट मात्र पूर्ण होण्यास १८६५ साल उजाडले. म्हणजे चार वर्षे खाली गाडी, वर गाडी आणि मध्ये घाटरस्ता अशी अवस्था होती. या घाटाचा चढ दर ३७ फुटांस १ फूट इतका कठीण आहे. त्यामुळे आजही वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्यास मागून जादा इंजिने लावावी लागतात. पासधारक त्यांना 'बँकर' म्हणतात. बँकर जोडले जाताना डब्याला जो हलका धक्का बसतो, त्याने पेंगणारी माणसे जागी होतात आणि आता अर्धे राहिले असे समजतात, असे एका काकांनी सांगितले. मुंबईच्या लोकल कसाऱ्यापर्यंत येऊन थांबतात त्याला मुख्य कारण हा घाटच होय. नाशिक–कल्याण लोकलची मागणी कित्येक वर्षांची आहे; ती अजून मागणीच राहिली आहे.

आपले गाव रेल्वेमुळेच वाढले. मुंबई बंदरात उतरलेले गोरे शिपाई गाडीने देवळालीस आणून छावणीत ठेवीत, आणि मुदत संपलेल्यांना मायदेशी जाणारे जहाज मिळेपर्यंत येथेच थांबावे लागे. वाट पाहून पाहून काहींची डोकी फिरत. त्यावरून देवळालीच्या नावाचा अपभ्रंश होऊन 'डुलाली' हा वेडसर या अर्थाचा शब्द इंग्रजीत रूढ झाला, तो आजही शब्दकोशांत सापडतो. गाडीची वाट पाहून मनुष्य वेडा होतो हा शोध आमच्याच गावाने इंग्रजी भाषेला दिला, असे गमतीने म्हणता येईल. (येथे एक खुलासा. बाहेरगावचे मित्र देवळाली गाव आणि देवळाली कॅम्प यांची गल्लत करतात. गाव नाशिकरोडला लागून आहे. स्टेशन 'देवळाली' नावाचे असले तरी ते कॅम्प आणि भगूर यांच्या कुशीत आहे.)

आता आजच्या प्रवासाकडे वळू. नाशिककरांचे अप-डाऊन ज्या गाडीवर मुख्यतः अवलंबून आहे ती पंचवटी एक्स्प्रेस १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झाली. २०२५ साली तिला ५० वर्षे पूर्ण झाली. मनमाडहून पहाटे निघून ती सातच्या सुमारास नाशिकरोडला येते, मग देवळाली, इगतपुरी, कसारा, कल्याण असे करीत पावणेअकराच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास तेथून सुटून साडेनऊच्या आसपास पुन्हा आपल्या भागात येते. जुनी माणसे अजूनही त्या टर्मिनसला 'व्हीटी' म्हणतात.

या वेळा नीट पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कोणी अप-डाऊन करावे आणि कोणी करू नये हे वेळापत्रकच ठरविते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२० अखेर पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा कार्यालयांची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी झाली. पंचवटी पावणेअकराला पोहोचणार आणि सव्वासहाला सुटणार! म्हणजे मंत्रालयातील कारकुनाने या गाडीने जावयाचे म्हटले तर रोज तासभर उशीर, आणि परतताना तर गाडीच चुकणार. शनिवारची सुट्टी मिळाली म्हणून सर्वांनी आनंद मानला. पण नाशिकहून जाणाऱ्याला त्या शनिवारच्या बदल्यात उरलेले पाच दिवस अवघड झाले. म्हणून आज या गाडीत दिसतात ते बहुधा कल्याण, ठाणे भागातल्या खाजगी आस्थापनांतले लोक, स्वतःचा लहानसहान व्यापार असलेले, कोर्टकचेरीच्या कामाचे, आणि ज्यांचा साहेब समजूतदार आहे असे थोडे भाग्यवान.

पुण्याशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. पुणे–मुंबई अंतर १९२ किलोमीटर, नाशिकरोड–मुंबई १८८. म्हणजे जवळजवळ सारखेच. पुणेकरांची डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि आज त्यांना सकाळी सिंहगड, डेक्कन क्वीन, प्रगती अशा लागोपाठ गाड्या आहेत. एक चुकली तर दुसरी. आपल्याकडे पंचवटीशिवाय सकाळची राज्यराणी होती, तीही मनमाडहून सुटे. जानेवारी २०२० मध्ये ती नांदेडपर्यंत नेली. मराठवाड्याला गाडी मिळाली याबद्दल कोणी वाईट वाटून घेऊ नये, त्यांची गरज आपल्याहून मोठी आहे. तथापि मनमाडहून सुटणारी गाडी येथे रिकामी येते आणि नांदेडहून रात्रभर चालून आलेली गाडी भरलेली येते, एवढा फरक पडतोच.

आता काळाचा हिशेब. देवळालीपासून मुंबई सुमारे १८० किलोमीटर. जाऊन-येऊन ३६० झाले. महिन्याचे २५ दिवस धरले तर ९,००० किलोमीटर होतात. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे; म्हणजे मुंबईपर्यंत जाणारा पासधारक साडेचार महिन्यांत एक पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करतो, आणि प्रत्येक वेळी कसाऱ्यालाच येऊन पोहोचतो. रोजचे सात तास गाडीत जातात. २५ दिवसांचे १७५ तास, म्हणजे अखंड सात दिवस आणि सात रात्री. महिन्यातला एक आठवडा रुळांवर! अर्थात बरेच लोक कल्याणलाच उतरतात. त्यांचा हिशेब याहून हलका, पण पुढे लोकल, रिक्षा आणि पायपीट धरली की तोही फार हलका राहत नाही.

चेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असा विचार मांडला, की मनुष्य पायी चालत असो वा मोटारीने जात असो, दिवसाकाठी सुमारे एक तास तो प्रवासात घालवितो. वाहन वेगवान झाले तर तो वेळ वाचवीत नाही, दूर राहावयास जातो. शहरे वाढतात ती त्यामुळे. हा विचार आपल्या पासधारकांना लावून पाहिला तर तो मोडतो. हे लोक दूर राहावयास गेलेले नाहीत. ते जेथे होते तेथेच आहेत, काम दूर गेले आहे. घर कॅम्पात किंवा भगूरला, संसरीला, वडिलांनी बांधलेले, भाडे नाही. मुंबईच्या बाजूला एका खोलीचे भाडे आणि अनामत रक्कम भरावयाची तर पगारातले काय उरणार? येथे म्हातारे आईबाप आहेत, कोणाची चार गुंठे जमीन आहे. म्हणून मनुष्य येथे राहतो आणि त्याचा दिवस तिकडे जातो.

फ्रे आणि श्टुट्झर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील लोकांच्या माहितीवरून असे दाखविले आहे, की लांबच्या प्रवासाचा त्रास चांगला पगार किंवा चांगले घर यांनी भरून निघावयास हवा, पण तसा तो निघत नाही. ज्यांचा प्रवास लांब ते आपल्या आयुष्याबद्दल कमीच समाधानी आढळतात. मनुष्य हिशेब करताना पगार मोजतो, भाडे मोजतो, आणि शीण मोजावयास विसरतो असे त्यावरून दिसते. मी हे एका पासधारक काकांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "अगं, विसरत नाही कोणी. मोजून करायचं काय?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तर असेल असे मला वाटत नाही.

मग हे लोक निभावतात कसे? याचे पहिले उत्तर डब्यात मिळते. जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ सालच्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. आगगाड्या, ट्राम, बस ही वाहने येण्यापूर्वी माणसांवर असा प्रसंग कधीच आला नव्हता, की मिनिटेच्या मिनिटे, तासच्या तास एकमेकांसमोर बसावे, एकमेकांकडे पाहावे आणि बोलू मात्र नये. युरोपातील डब्याचे हे वर्णन खरे असेल. पण झिमेलसाहेब पासधारकांच्या डब्यात बसले असते तर त्यांना निराळे प्रकरण लिहावे लागले असते. येथे कोणाच्या मुलाला किती टक्के पडले, कोणाच्या सासूचे ऑपरेशन कधी, हे सर्वांना ठाऊक. मुलीसाठी स्थळ डब्यात सापडते, नोकरीची जागा डब्यात कळते, पतपेढीच्या कर्जाला जामीन डब्यात मिळतो. दसऱ्याला गाडीला हार-तोरणे घालून पूजा होते. १ नोव्हेंबरला पंचवटीचा वाढदिवस होतो. घरच्यांचे वाढदिवस लक्षात राहिले नाहीत तरी हा राहतो, अशी तक्रार मी एका काकूंच्या तोंडून ऐकली.

या गाडीतील पासधारकांच्या एका वातानुकूलित डब्याची ख्याती तर फार दूरवर गेली. तेथील प्रवाशांनी आपणच नियम केले: मोठ्याने बोलू नये, पत्ते कुटू नयेत, डबा स्वच्छ ठेवावा. 'आदर्श कोच' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या डब्याची लिम्का बुकात नोंद झाली. म्हणजे एकाच गाडीत निभावण्याच्या दोन रीती नांदतात. एका डब्यात माणसे शांततेने थकवा घालवितात, दुसऱ्यात गोंगाटाने. नियमांचे कौतुक मलाही आहे. पण खरे सांगावयाचे तर गोंगाटाचा डबा मला अधिक आपलासा वाटला. शांततेला आधी बसावयास जागा लागते.

जागेचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. गटाने प्रवास करणाऱ्यांनी एकमेकांसाठी रुमाल टाकून जागा धरणे हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. निफाडहून, लासलगावहून दवाखान्यासाठी मुंबईस निघालेली, वर्षातून एकदा गाडीत बसणारी बाई त्या रुमालापुढे उभी राहते. तिच्याकडे तिकीट असते, ओळख नसते. पासधारक म्हणतात, "आम्हाला रोज जायचंय, यांना एक दिवस." यात तथ्य आहे. पण त्या बाईचा तो एक दिवस कोणता असतो हेही कोणी विचारावे. एखादा गट आपल्या माणसांना जितका घट्ट धरतो तितका तो परक्याला बाहेर ठेवतो, हे वर्गात शिकलेले वाक्य मला त्या रुमालावरून समजले.

दुसरे उत्तर घरात मिळते, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. माझा थोरला भाऊ दोन वर्षांपासून अप-डाऊन करतो. तो कल्याणला उतरून पुढे लोकलने जातो. या लेखासाठी मी एक आठवडा वहीत एवढेच टिपून ठेवले, की आमच्या घरातला पहिला दिवा केव्हा लागतो आणि शेवटचा केव्हा मालवतो. पहिला दिवा साडेचारच्या आत-बाहेर लागला, सातही दिवस, रविवारीसुद्धा. कारण रविवारी सवयीने जाग येते. शेवटचा दिवा अकराच्या अलीकडे एकदाही मालवला नाही. दोन्ही दिवे आईच्याच हातचे. पहाटे पोळ्या, भाजी, दोन डबे (एक दुपारचा, एक सायंकाळी गाडीत खाण्याचा), पाण्याची बाटली. रात्री तो आल्यावर गरम वाढणे आणि मागचे आवरणे. दादा गाडीत जाताना-येताना मिळून तासभर तरी झोप काढतो. आईला ती सोय नाही. पास दादाचा आहे, पण झोपेच्या हिशेबात पाहिले तर त्याच्याहून जास्त अप-डाऊन आई करते, आणि तिने कल्याण स्टेशन अजून पाहिलेले नाही.

हे केवळ आमच्याच घरचे नाही. ज्या ज्या घरी मी गेले तेथे 'गाडी केव्हाची' हे सर्वांत लहान मुलालासुद्धा पाठ होते. पाहुणे, श्राद्धपक्ष, मुलांचे अभ्यास, सारे गाडीच्या वेळेभोवती फिरते. लग्नाच्या बाजारातही याला किंमत आहे. मुलीकडचे आता सरळ विचारतात, "मुलगा अप-डाऊन करतो का?" हो म्हटले की चेहरे उतरतात. त्यांना दोष कसा द्यावा? पहाटे साडेचारचा दिवा पुढे कोणाच्या हाती जाणार हे त्यांना कळते.

स्वतः अप-डाऊन करणाऱ्या स्त्रिया संख्येने कमी दिसल्या. ज्या आहेत त्यांच्या बाबतीत घरचा दिवा आणि पास दोन्ही एकाच हातात असतात. सायंकाळच्या गाडीत स्त्रिया मेथी निवडतात, मटार सोलतात. घरी पोहोचून जो वेळ लागणार तो आधीच कापून आणतात. एक ताई म्हणाल्या, "गाडीतले दोन तास हेच माझे स्वतःचे. तेव्हा कोणी हाक मारत नाही." त्या त्या वेळी शेंगाच सोलत होत्या. विश्रांतीची ही व्याख्या ऐकून मला काय बोलावे ते सुचले नाही. नव्याने जाऊ लागलेल्यांसाठी त्यांनी आपण होऊन काही सूचना सांगितल्या, त्या येथे देते. झोप सकाळच्या गाडीत घ्यावी, सायंकाळी घेऊ नये, नाहीतर रात्रीची उडते. पोट रिकामे ठेवून घाट उतरू नये. पाणी कमी पिण्याची सवय लावून घेऊ नये, पुढे दुखणी निघतात. आणि पहिल्या महिन्यात नोकरी सोडण्याचा निर्णय करू नये, कारण पहिला महिना सर्वांनाच अशक्य वाटतो. शेवटची सूचना मला पटली नाही. सवय झाली म्हणजे गोष्ट शक्य झाली, असे समजण्यात धोका आहे.

तिसरा आधार वेळापत्रकाचा. तो काढून घेतला म्हणजे काय होते हे २०२० च्या मार्चमध्ये दिसले. टाळेबंदीत गाड्या थांबल्या त्या सर्वांच्याच थांबल्या. पुढे गाड्या सुरू झाल्या त्या आरक्षण असलेल्यांसाठी. पास कितीतरी महिने बंदच राहिले. रोज आरक्षण काढून जाणे कोणाला परवडणार? कोणी चौघे मिळून गाडी भाड्याने केली, कोणी कसाऱ्यापर्यंत टॅक्सीने आणि पुढे लोकलने जाऊ पाहिले, पण लोकलमध्येही सामान्य माणसाला प्रवेश नव्हता. कोणाची नोकरी गेली ती गेलीच. याच काळात, ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल आपल्या देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघाली. नाशिकची फळे, भाजीपाला हजार मैलांच्या आसपास प्रवासास निघाला आणि कल्याणला जाणारा मनुष्य घरी बसून राहिला! शेतमालाची सोय झाली हे उत्तमच झाले. योगायोग तेवढा मनात राहतो. मनमाडहून सुटणारी गोदावरी एक्स्प्रेस त्यानंतर पूर्वीच्या स्वरूपात परत आली नाही.

अपघातांचेही असेच. २९ ऑगस्ट २०१७ रोजी आसनगाव–वासिंदजवळ नागपूर–मुंबई दुरांतोचे डबे घसरले. ३ एप्रिल २०२२ रोजी तर अगदी आपल्या दाराशी, लहवित आणि देवळालीच्या मध्ये पवन एक्स्प्रेस घसरली. दोन्ही वेळा मार्ग बंद पडला, गाड्या रद्द झाल्या. बातमी डब्यांची येते. त्या मार्गावरून रोज जाणाऱ्यांचा पगार किती कापला गेला याची बातमी येत नाही.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मोटारवाल्यांचा कसारा घाट सुटला. १० फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत नाशिकरोडला थांबून जाते. या दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु त्या दोहोंत मासिक पास चालत नाही.

आता आपल्या महाविद्यालयाकडे येते. अप-डाऊन म्हटले की आपण मुंबईच डोळ्यांसमोर आणतो, पण आपल्याच वर्गात घोटी, पाडळी, अस्वली, लहवित या बाजूंनी येणारे विद्यार्थी आहेत. त्यांची मदार पूर्वीच्या शटलवर आणि आता इगतपुरी–भुसावळ मेमूवर. टाळेबंदीनंतर या साध्या गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावले गेले आणि १० रुपयांचे किमान तिकीट ३० रुपये झाले. २०२४ साली ते पुन्हा १० वर आले. ज्याच्या घरी रोजंदारीवर चूल चालते त्याला हे २० रुपये म्हणजे काय ते सांगावयास नको. त्या वर्षांत उपस्थिती कमी भरलेल्या काहींची नावे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांपैकी किती जण आळसाने आले नाहीत आणि किती जण २० रुपयांनी, हे हजेरीपटावर कळत नाही. प्राध्यापकांनी सकाळचा पहिला तास ठेवताना गाडीची वेळ एकदा पाहावी, ही आमची नम्र विनंती.

तृतीय वर्षानंतर काय, हा प्रश्न आता आमच्या वर्गात रोज निघतो. येथे छापखान्यातील नोकऱ्या पिढ्यान्‌पिढ्या ठरल्यासारख्या, कॅम्पातील दुकानांत पदवीला वेगळी किंमत नाही, म्हणून बोट मुंबईकडे दाखविले जाते. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिली. वडिलांना वाटते, शिकली आहे तर नोकरी करावी. आणि लगेच वाटते, मुलीच्या जातीने रात्री दहाला स्टेशनवरून यावयाचे कसे? दादा जातो तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता दोघांनाही तोच आहे, अंधारही तोच. मी आईला विचारले. ती म्हणाली, "तू गेलीस तर मी अर्धा तास आधी उठीन." मला तिची परवानगी हवी होती, अर्धा तास नको होता. त्यामुळे मी अजून काही ठरविलेले नाही. पहाटेची दादाची पोळी-भाजी दादाने आणि मी वाटून घेता येते का, एवढे मात्र या महिन्यापासून करून पाहत आहोत. आठवड्यातील दोन दिवस जमले आहे. त्या दोन दिवशी पहिला दिवा मी लावते. आई उठतेच, पण पडून राहते.

जाता जाता एक माहिती, जी विचारपूस करताना बऱ्याच मैत्रिणींना नव्याने कळली. रेल्वेच्या सवलतींच्या नियमांप्रमाणे घर ते महाविद्यालय अशा प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. मुलांना ही सवलत बारावीपर्यंत आहे आणि पुढे विद्यार्थी म्हणून निम्म्या दरात पास निघतो. त्यासाठी महाविद्यालयाचे प्रमाणपत्र लागते. घोटी-अस्वलीकडच्या मैत्रिणींनी ते कार्यालयातून घेऊन आपल्या स्टेशनवर चौकशी करावी.